तळटीपेतले टोपणनाव

वाचकाचे पत्र (संक्षेपाने) :

मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात इतिहासाची व्याख्याती आहे. ब्रिटिश साम्राज्याचा उत्तरकाळ हा माझा विषय. माझा परिवीक्षाकाळ अजून संपलेला नाही आणि प्रबंधावर आधारलेला पहिला ग्रंथ लिहून व्हायचा आहे. याखेरीज गेली काही वर्षे मी 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेवर चाहत्यांच्या एका छोट्या नियतकालिकात टोपणनावाने लेख लिहिते. विभागात हे कोणालाच ठाऊक नव्हते. आता एका लहान प्रकाशनसंस्थेने मालिकेच्या सुरुवातीच्या काळातील ऐतिहासिक कथांवर माझ्याकडे पुस्तक मागितले आहे. विभागप्रमुख म्हणाल्या, की आधी खरे पुस्तक होऊ दे. एक ज्येष्ठ सहकारी नुसतेच हसले. मी विद्यापीठात शिकवते हे कळल्यापासून नियतकालिकाच्या जुन्या वाचकांच्या पत्रांतही एक दुरावा आला आहे. शिवाय, स्वीकारल्या गेलेल्या एका शोधनिबंधाच्या तळटीपेत मी माझाच टोपणनावाचा लेख त्रयस्थ अभ्यासकाचा असावा तसा उद्धृत केला आहे, तेही मनाला टोचते. पुस्तक घ्यावे का, कोणत्या नावाने लिहावे, आणि हे लेखन संशोधनात धरावे का? आणि आता मालिका नुसती पाहणेही मला जमेनासे झाले आहे, त्याचे काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला जो मुद्दा तुम्ही जाता जाता सांगितला आहे, त्यापासूनच मी सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांना अवधी आहे आणि याला नाही. ती तळटीप निबंध छापला जाण्याआधी दुरुस्त झाली पाहिजे. तळटीप वाचणारा माणूस साक्षीदार मोजत असतो. एकाच मताला दोन वेगळ्या अभ्यासकांचा आधार आहे असे त्याला दिसते, तेव्हा त्या मताचे वजन त्याच्या मनात वाढते. आणि इथे तर दोन्ही साक्षीदार तुम्हीच आहात. तुमचा हेतू फसवण्याचा नव्हता हे तुमच्या पत्रावरून स्पष्ट दिसते, परंतु वाचकापुढे तुमचा हेतू नसतो, फक्त तळटीप असते. हा निबंध स्वीकारणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना आजच दोन ओळी लिहा, की अमुक क्रमांकाच्या तळटीपेतला लेख माझाच आहे, तो मी टोपणनावाने लिहिला होता आणि छपाईपूर्वी हा उल्लेख मला बदलायचा आहे. बदल दोन प्रकारे करता येईल. टोपणनाव उघड करायची तुमची तयारी असेल, तर 'प्रस्तुत लेखिकेने या टोपणनावाने लिहिलेला लेख' असे स्पष्ट म्हणावे. तयारी नसेल, तर तो उल्लेख काढून टाकून मूळ मुद्दा निबंधातच पुराव्यासह मांडावा. मात्र तुमच्या त्या लेखातले परिच्छेद जसेच्या तसे निबंधात आले असतील तर हा दुसरा मार्ग बंद आहे, कारण मग पूर्वप्रसिद्धीचा उल्लेख टाळता येणार नाही. छपाईपूर्वीची दुरुस्ती संपादकांच्या रोजच्या कामाचा भाग असते. तीच गोष्ट छपाईनंतर उघड झाली, तर तिला शुद्धिपत्राचे आणि खुलाशाचे रूप येते, आणि परिवीक्षाकाळात ते तुम्हाला परवडणार नाही.

टोपणनाव घेणे हे मुळात गैर नाही, हेही याच जागी सांगायला हवे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला आपली पहिली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती दुसऱ्याच्या हातून लिहवून घेतली. ते तेव्हाच ख्यातनाम शास्त्रज्ञ होते, आणि परीक्षकांनी नाव न पाहता कथा वाचावी, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणजे त्या टोपणनावामुळे निवाडा अधिक निःपक्षपाती होणार होता. तुमच्या टोपणनावाचे काम वेगळे होते. सहकाऱ्यांनी तुमच्याबद्दल काय समजावे यावर ते ताबा ठेवत होते, आणि जोवर दोन्ही लेखने एकमेकांना कुठेच शिवत नव्हती तोवर त्यातही कोणाचे नुकसान नव्हते. ती तळटीप लिहिली गेली त्या क्षणी दोन्ही लेखने एकमेकांना भिडली. आता विभागप्रमुखांना माहीत आहे, वाचकांना माहीत आहे, आणि अशा वेळी टोपणनाव सांभाळत बसण्याचा त्रास त्याच्या उपयोगापेक्षा मोठा होतो. पुस्तक लिहिलेत तर ते स्वतःच्या नावाने लिहा, आणि त्यातला कोणता भाग पूर्वी टोपणनावाने प्रसिद्ध झाला होता ते प्रास्ताविकात एका वाक्यात सांगा. त्याहून लांब खुलाशाची गरज नाही.

आता सहकाऱ्यांच्या हसण्याबद्दल. ते तुम्हाला लागले आहे, आणि लागणे स्वाभाविक आहे. परंतु त्याचा प्रतिवाद म्हणून विषयाची थोरवी सिद्ध करत बसू नका. या मालिकेवर जॉन टुलॉक आणि मॅन्युएल अल्वाराडो यांचा अभ्यासग्रंथ १९८३ मध्येच निघाला, आणि लेस्टर विद्यापीठातील जेम्स चॅपमन यांच्यासारख्या चित्रपट-इतिहासकाराने २००६ मध्ये बीबीसीच्या कागदपत्रांच्या आधारे तिचा इतिहास लिहिला. म्हणजे विद्यापीठात हा विषय तुम्ही प्रथमच नेत आहात असे नाही. पण विषय मान्य आहे एवढ्याने तुमचे पुस्तक मान्य ठरत नाही. खरा प्रश्न असा, की ज्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही आणि जे द्यायला नेमकी तुमची तयारी कामी येईल, असा एखादा प्रश्न या मालिकेपाशी तुम्हाला सापडला आहे का? माझ्या मते तो सापडला आहे, फक्त पत्रात तुम्ही तो लिहिलेला नाही. म्हणून तोच इथे थोडा उलगडून पाहते.

मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, पहिल्या कथेचे दिग्दर्शक लखनौत जन्मलेले वारिस हुसेन. मनोरंजनाबरोबर मुलांना काही शिकवावे हा मूळ उद्देश होता, म्हणून कालयानातून प्रवास करणारा डॉक्टर हा नायक आणि त्याची नात यांच्या सोबतीला दोन शिक्षक दिले गेले, विज्ञानाचा इयन आणि इतिहासाची बार्बरा. भविष्यातल्या कथा आणि भूतकाळातल्या कथा आलटून पालटून येत. कालयान सोडले तर काहीही अद्भुत नसलेल्या, निव्वळ ऐतिहासिक कथांची ही शाखा १९६६-६७ च्या हिवाळ्यात, कलोडनच्या लढाईनंतरच्या स्कॉटलंडवरील कथेपाशी थांबली, आणि तशी कथा पुन्हा आली ती थेट १९८२ मध्ये. म्हणजे पुस्तकाची कालमर्यादा तुम्हाला आयतीच मिळाली आहे. आता याच तीन-साडेतीन वर्षांत साम्राज्याचे काय चालले होते ते तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. पहिला भाग दाखवला गेल्यावर तीन आठवड्यांच्या आत केनिया स्वतंत्र झाला. मे-जून १९६४ मध्ये मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेकांवरची चार भागांची कथा प्रक्षेपित झाली, आणि तिचा शेवटचा भाग दाखवल्यानंतर महिन्याभरातच मलावी स्वतंत्र झाला.

त्या अ‍ॅझ्टेक कथेकडे जरा जवळून पाहा. इतिहासाची शिक्षिका बार्बरा हिला लोक एका मृत धर्मगुरूचा अवतार समजतात, आणि या आयत्या अधिकाराच्या बळावर ती नरबळीची प्रथा बंद करायला निघते. तिचा युक्तिवाद असा, की ही एक प्रथा गेली तर पुढे येणारे स्पॅनिश लोक या संस्कृतीतले जे उत्तम आहे ते उद्ध्वस्त करणार नाहीत. डॉक्टर तिला परोपरीने बजावतो, की घडलेला इतिहास बदलता येत नाही. ज्ञानाचा उपासक असलेला धर्मगुरू तिच्या बाजूने झुकतो, बळी देणारा धर्मगुरू तिच्यावर उलटतो, आणि ती हरते. त्या एका माणसापुरते तरी तू काही करू शकलीस, अशी समजूत शेवटी डॉक्टर तिला घालतो. साम्राज्याच्या उत्तरकाळाचा अभ्यास केलेल्या व्यक्तीने हे पाहिले, की तिला १८२९ च्या सतीबंदीच्या कायद्याभोवतीचा वाद आठवल्याशिवाय राहणार नाही. 'त्यांची' एक प्रथा दूर करणे म्हणजे त्यांनाच वाचवणे आहे, आणि ते करण्याचा अधिकार बाहेरून आलेल्या, पण आत देव मानल्या गेलेल्या व्यक्तीला आहे, ही भाषा तुम्ही कागदपत्रांत शेकडो वेळा वाचली असेल. आणि इथे तर कथाच तिला पराभूत करते, १९६४ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर, शनिवारी संध्याकाळी, घरोघरी टीव्हीपुढे बसलेल्या मुलांसमोर. हा पराभव साम्राज्यवादी सुधारकाचा आहे, की हस्तक्षेप न करण्याच्या नव्या सोयीस्कर शहाणपणाचे ते समर्थन आहे? मला याचे उत्तर वाचायला आवडेल, आणि ते चाहत्याकडूनही एकट्याने यायचे नाही, मालिका न पाहिलेल्या इतिहासकाराकडूनही नाही.

मात्र इथेच एक धोका आहे, आणि तो स्पष्ट सांगते, कारण या प्रकारच्या लेखनात तो मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. तारखा जुळल्या म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध झाला असे होत नाही. मलावीचे स्वातंत्र्य आणि बार्बराचा पराभव एकाच ऋतूत आले, एवढ्यावर प्रकरण उभे केलेत तर तुमचे हसणारे सहकारी योग्यच होते असे ठरेल. रेडिंगजवळच्या कॅव्हरशॅम इथे बीबीसीचे लिखित अभिलेखागार आहे. भेटीची वेळ आधी ठरवून तिथे जा. निर्मितीच्या धारिकांमध्ये अंतर्गत पत्रव्यवहार मिळेल, आणि प्रेक्षक-संशोधनाचे जे अहवाल उपलब्ध असतील त्यांतून त्या काळच्या प्रेक्षकांचा प्रतिसाद मिळेल. पटकथाकार जॉन लुकारोटी आणि निर्मातीचा चमू यांच्यात नेमके काय ठरले, कोणता मुद्दा शैक्षणिक म्हणून मागितला गेला आणि कोणता नाट्याच्या गरजेपोटी आला, हे त्या कागदांत दिसले तर तुमच्या मांडणीला पाया मिळेल. कागद गप्प असतील तर तेही लिहा आणि दावा तेवढा लहान करा. तुमच्या ग्रंथात जी शिस्त तुम्ही एखाद्या गव्हर्नरच्या खलित्याला लावता, तीच या चार भागांना लावा. विषय हलका मानला जातो म्हणून पुराव्याला सवलत घेऊ नका, आणि विषय हलका मानला जातो म्हणून सिद्धान्तांच्या जड परिभाषेने तो झाकूही नका. दुसरी चूक पहिलीपेक्षा अधिक वेळा होते.

तुमची तयारी ज्या ठिकाणी सर्वांत जास्त उपयोगी पडेल ती जागा मात्र मला आणखी वेगळीच दिसते. सुरुवातीच्या ऐतिहासिक कथांतली 'मार्को पोलो' ही सात भागांची कथा फेब्रुवारी ते एप्रिल १९६४ मध्ये दाखवली गेली, आणि तिचा एकही भाग आज चित्ररूपात उपलब्ध नाही. चित्रफिती महाग होत्या, पुसून पुन्हा वापरता येत होत्या. पुनःप्रक्षेपणावर कलाकारांच्या करारांची बंधने होती. आणि जुन्या कृष्णधवल मालिकेला पुढे कोणी विचारील असे कोणालाच वाटत नव्हते. म्हणून १९६० च्या दशकातले नव्वदच्या घरातले भाग नाहीसे झाले. मग 'मार्को पोलो'चे आज उरले काय? पटकथा उरल्या. ध्वनी उरला, कारण काही प्रेक्षकांनी प्रक्षेपण चालू असताना घरच्या टेप-रेकॉर्डरवर आवाज उतरवून घेतला होता. आणि छायाचित्रे उरली. जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्याची क्षणोक्षणीची छायाचित्रे काढून निर्मात्यांना आणि कलाकारांना विकत असत. या कथेचे मुख्य दिग्दर्शक वारिस हुसेन यांच्या संग्रहात तिच्या सहा भागांची अशी छायाचित्रे मिळाली. चौथा भाग वेगळ्या दिग्दर्शकाचा होता, आणि त्याची छायाचित्रे मिळाली नाहीत. एखादे दफ्तर का टिकले आणि शेजारचे का गेले याचे कारण ज्या व्यक्तीने ते जपले तिच्यात असते, हे तुम्ही विद्यार्थ्यांना शिकवतच असाल. त्याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून मिळणार नाही.

याला आणखी एक बाजू आहे. परदेशी विक्रीसाठी या भागांच्या सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढल्या जात, आणि त्या ज्या वाहिन्यांनी विकत घेतल्या त्यांतल्या बऱ्याच राष्ट्रकुलातल्या आणि तेव्हाच्या किंवा नुकत्याच स्वतंत्र झालेल्या वसाहतींतल्या होत्या. १९६७ ची एक चार भागांची कथा १९९२ मध्ये हाँगकाँगहून परत मिळाली. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका दूरचित्रवाणी केंद्रातून नऊ हरवलेले भाग सापडल्याचे जाहीर झाले. लंडनने जे पुसून टाकले ते जोसमध्ये आणि हाँगकाँगमध्ये टिकून राहिले. ब्रिटिश संस्थेच्या स्मृतीचा एक तुकडा पूर्वीच्या वसाहतीच्या कपाटात का मिळावा, त्या प्रती कोणत्या व्यापारी वाटांनी गेल्या, कोणासमोर दाखवल्या गेल्या, आणि तिथल्या प्रेक्षकांनी, उदाहरणार्थ, 'मार्को पोलो'तल्या गोऱ्या नटांनी रंग फासून केलेल्या मंगोल आणि चिनी भूमिका कशा पाहिल्या असतील, हे प्रश्न मालिकेचे आहेत आणि अगदी त्याच वेळी तुमच्या मूळ विषयाचेही आहेत. पुस्तकाचे सगळे वजन मी तरी या प्रकरणावर टाकीन.

हे झाले म्हणजे विभागप्रमुखांच्या सल्ल्याचे उत्तर देणे सोपे जाते. त्यांचे शब्द चुकले, क्रम चुकला नाही. प्रबंधावरचा ग्रंथ आधी पुरा करा. परिवीक्षाकाळ संपताना तुमच्या नेमणुकीच्या अटी तपासल्या जातील, आणि त्या अटी तुमच्या विद्यापीठाने ठरवलेल्या आहेत. विद्यापीठांतल्या संशोधनाचे राष्ट्रीय मूल्यांकन काय म्हणते हा युक्तिवाद त्या बैठकीत पुरेसा पडत नाही. ग्रंथ हातावेगळा होईपर्यंत मालिकेवरचे पुस्तक सुरू करू नका, पण ते नाकारूही नका. दरम्यानच्या काळात फिल्मच्या प्रतींच्या प्रवासावर एक शोधनिबंध लिहून तो समकक्ष परीक्षण होणाऱ्या नियतकालिकाकडे पाठवा. त्याने दोन गोष्टी साधतील : मांडणी टिकते की नाही हे परखड वाचकांकडून आधीच कळेल, आणि विभागाला हे लेखन तुमच्या विषयापासून दूर जाणारे नाही हे वादाशिवाय दिसेल. विभागप्रमुखांना बोलून दाखवण्याऐवजी लेखी कळवा, की ग्रंथाचे हस्तलिखित अमुक महिन्यापर्यंत देण्याचे ठरले आहे, त्यानंतर या पुस्तकाचे काम सुरू होईल, आणि दोन्हींत साम्राज्योत्तर काळाचा अमुक प्रश्न समान आहे. बोलण्यातली नाराजी माणसे विसरतात, लेखी ठरलेला क्रम लक्षात ठेवतात.

हे लेखन संशोधनात धरावे का, असे तुम्ही विचारता. ब्रिटनच्या संशोधन मूल्यांकनात, म्हणजे २०१४ आणि २०२१ मध्ये झालेल्या आणि आता २०२९ साठी आखल्या जाणाऱ्या प्रक्रियेत, संशोधनाची व्याख्या विषयावर अवलंबून नाही. नवी समज देणारा आणि इतरांपर्यंत पोहोचवलेला शोध, असा तिचा आशय आहे, आणि लेखनाची प्रत मौलिकता, महत्त्व आणि काटेकोरपणा या कसोट्यांवर ठरते. या कसोटीवर वर सांगितलेला निबंध धरता येईल, पुस्तकातली अभिलेखांवर उभी असलेली प्रकरणे धरता येतील, आणि नियतकालिकातले तुमचे बहुतेक लेख धरता येणार नाहीत. ते तसेच असू द्या. एखाद्या भागातल्या संवादाची लय कशी जमून आली आहे, किंवा १९६६ मध्ये नायकाचा नटच बदलण्याची कल्पना किती धाडसाची होती, हे उत्साहाने सांगणारा लेख वाचनीय असतो, आवश्यकही असतो, पण तो संशोधन नसतो, आणि त्याला संशोधनाच्या यादीत बसवण्यासाठी त्याचे रूप पालटलेत तर ज्या वाचकांसाठी तो लिहिला त्यांचा तो राहणार नाही. आणखी एक खबरदारी घ्या : पुस्तक चाहत्यांनी पुष्कळ वाचले म्हणजे मूल्यांकनातला 'प्रभाव' सिद्ध झाला, अशा समजात राहू नका. तिथे विद्यापीठाबाहेर कोणता बदल किंवा लाभ झाला आणि तो तुमच्या संशोधनामुळे झाला, याचा पुरावा मागतात. खपाचे आकडे तो पुरावा होत नाहीत.

वाचकांच्या दुराव्याकडे मी सर्वांत गंभीरपणे पाहते. तुम्हाला वाटते त्यांना तुमच्या पदवीचा धाक वाटतो. मला वाटते त्यांना दुसरीच भीती आहे, आणि ती निराधार नाही. या मालिकेचा जुना इतिहास आज उपलब्ध आहे तो मोठ्या प्रमाणात चाहत्यांमुळे. टेप-रेकॉर्डर टीव्हीशेजारी ठेवून आवाज उतरवणारे तेच, जगभरातल्या वाहिन्यांना पत्रे लिहून फिल्मचे डबे शोधणारे तेच, कोणता भाग कोणत्या देशाला कधी विकला गेला याच्या याद्या वर्षानुवर्षे जुळवणारेही तेच. सर्व हरवलेल्या भागांचा ध्वनी आज टिकून आहे, तो अशा घरगुती ध्वनिमुद्रणांमुळे. अभ्यासक येतात, हे सर्व आयते वापरतात आणि तळटीपा मात्र एकमेकांच्या देतात. तुम्ही तसे करू नका. ज्याने यादी जुळवली त्याचे नाव, तो प्राध्यापक असो वा नसो, प्राध्यापकाचे दिले असते तसेच पूर्ण संदर्भासह द्या. एखाद्या वाचकाच्या खासगी पत्रातली माहिती वापरायची असेल तर आधी त्याला विचारा आणि त्याचे नाव कसे यावे हेही त्यालाच ठरवू द्या. ज्या नियतकालिकाने तुम्हाला लिहिते केले त्याच्या पुढच्या अंकात स्वतःच्या नावाने एक लेख द्या, पूर्वीच्याच सुबोध भाषेत, आणि टोपणनावामागे मीच होते असे त्यात साधेपणाने सांगा. तुमच्या हकीकतीतला तपशील कोणी चुकीचा ठरवला तर आभार मानून दुरुस्ती छापून आणा. या वाचकवर्गात प्रक्षेपणाच्या तारखा, निर्मितीचे क्रमांक आणि नटांच्या याद्या मुखोद्गत असणारी माणसे आहेत, आणि हस्तलिखित त्यांच्यापैकी दोघातिघांनी छपाईपूर्वी वाचले तर ते कोणत्याही विद्यापीठीय परीक्षकापेक्षा अधिक चुका काढतील.

प्रकाशकाच्या कराराबद्दल तुम्ही काही विचारले नाही, पण सही करण्याआधी तीन कलमे बारकाईने वाचा. पहिले, हस्तलिखित देण्याची तारीख. ती ग्रंथाच्या तारखेनंतर किमान दीड वर्षाने असावी. दुसरे, परवानग्यांचा खर्च कोणाकडे. लहान प्रकाशनसंस्था तो बहुधा लेखकावर टाकतात, आणि बीबीसीची छायाचित्रे वापरायची तर तो नगण्य नसतो. ब्रिटनच्या १९८८ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील ३० व्या कलमानुसार टीका, परीक्षण आणि उद्धरणासाठी न्याय्य प्रमाणात उतारे घेता येतात, त्यामुळे संवादांच्या छोट्या अवतरणांची काळजी करू नका. परंतु पटकथेची पाने छापायची असतील तर आधी हक्क कोणाकडे आहेत ते तपासा, कारण त्या काळच्या पटकथांचे हक्क अनेकदा लेखकाकडे आणि आता त्यांच्या वारसांकडे असतात. मालिकेतल्या डालेक या खलपात्रांच्या हक्कांत पटकथाकार टेरी नेशन यांच्या वारसांचा वाटा आहे तो यामुळेच. तिसरे, पुस्तकातले एखादे प्रकरण आधी शोधनिबंध म्हणून छापण्याची मुभा करारात लेखी असावी, नाहीतर वर सुचवलेला मार्गच बंद होईल.

राहिला शेवटचा प्रश्न, मालिका नुसती पाहता येत नाही हा. ज्या भागांवर तुम्ही लिहिणार आहात ते आता पूर्वीसारखे पाहता येणार नाहीत, हे मान्य करा. वही घेऊनच ते पाहायचे. पण तुमचे पुस्तक १९६७ मध्ये थांबते. त्यानंतर १९८९ पर्यंतची मालिका आहे आणि २००५ पासूनची वेगळी आहे, आणि त्यांवर काहीही न लिहिण्याचा निर्णय तुम्ही आज घेऊ शकता. नियतकालिकाच्या संपादकांनाही तसे कळवा, की यापुढे माझ्याकडून फक्त सुरुवातीच्या वर्षांवरचे लेख येतील. फाळणीच्या पार्श्वभूमीवरची २०१८ ची कथा आली तेव्हा विभागातल्या कोणी तिच्यावर तुमचे मत विचारले असेल, तर यापुढेही विचारतील. 'मी ती घरच्यांबरोबर पाहिली आणि मला आवडली', किंवा आवडली नाही, एवढे उत्तर पुरे आहे. तळटीपेबद्दल संपादकांचे उत्तर आले की कळवा; त्यांनी नव्याने परीक्षणाची मागणी केली, तर त्यांना काय लिहायचे ते आपण पाहू.